सूर्याची चूल, माणसाची भट्टी

शाळेत सूर्यमालेचा धडा सुरू झाला, की एक प्रश्न हमखास पुढे येतो. "गुरुजी, सूर्य कशावर जळतो? आणि त्याचे जळण संपले तर आपले काय होईल?" प्रश्न साधा वाटतो, परंतु तो विचारणाऱ्या मुलाच्या मनात कुतूहलाच्या जोडीला थोडी भीतीही असते. सरपण संपले की चूल विझते, तेल संपले की दिवा विझतो, हे त्याने घरी पाहिलेले असते. मग एवढा मोठा सूर्य तरी कशाच्या बळावर तेवत राहणार, अशी शंका त्याला आली तर ती रास्तच म्हटली पाहिजे. "ते पुढच्या इयत्तेत येईल" असे सांगून त्याला गप्प बसविणे सोपे असते. पण अशा उत्तराने प्रश्न मिटत नाही, फक्त मूल प्रश्न विचारण्याचे थांबते.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पुरतेपणी ठाऊक नव्हते. ते सापडल्यावर लगोलग दुसरा प्रश्न उभा राहिला : सूर्याच्या पोटात जे घडते ते माणसाला पृथ्वीवर, स्वतःच्या ताब्यात ठेवून घडविता येईल काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मुलांना कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत सांगावीत, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. विज्ञानाची पदवी नसलेल्या पालकांनाही ती वापरता यावी, असा त्यामागील हेतू आहे.

'जळणे' हा शब्द बाजूला ठेवू या

प्रारंभ एका छोट्या प्रयोगाने करावा. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घालावा. थोड्याच वेळात ज्योत विझते. जळण्यासाठी हवेतील ऑक्सिजन लागतो, तो पेल्यात पुरेसा उरत नाही, हे मुलांच्या ध्यानात येते. आता विचारावे, "सूर्याभोवती आपल्यासारखी हवा आहे का?" नाही. म्हणजेच सूर्य लाकडासारखा किंवा कोळशासारखा जळत नाही.

हाच निष्कर्ष हिशेबानेही निघतो. सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३ लाख ३० हजार पट आहे. एवढा मोठा गोळा निव्वळ दगडी कोळशाचा असता, तरी आजच्या दराने उष्णता देऊन तो काही हजार वर्षांतच संपून गेला असता. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन या शास्त्रज्ञांनी दुसरी कल्पना मांडली. सूर्य स्वतःच्या भाराने आकुंचन पावत आहे व त्यातून उष्णता निर्माण होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या हिशेबाने सूर्याचे वय दोन-तीन कोटी वर्षांपर्यंत जात होते. परंतु पृथ्वीवरील खडक त्याहून कितीतरी जुने असल्याची साक्ष देऊ लागले. पृथ्वी म्हातारी आणि तिला ऊब देणारा सूर्य मात्र तान्हा, असे कसे असेल? सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे, हे आज आपण जाणतो. सूर्याची चूल निराळ्याच जातीची आहे, हे मान्य करणे त्यामुळे भाग पडले.

गुळाच्या चार ढेपांचे गणित

या चुलीचा पत्ता एका वजनाच्या गणितातून लागला. मुलांना ते गुळाच्या ढेपांच्या उदाहरणाने सांगता येते. समजा, प्रत्येकी १,००८ ग्रॅमच्या चार ढेपा आहेत. एकूण वजन ४,०३२ ग्रॅम. त्या वितळवून आपण एकच मोठी ढेप केली आणि तराजूत टाकली, तर ती भरली ४,००३ ग्रॅम. कोणी चोरून गूळ खाल्ला नाही, पातेल्याला चिकटून राहिला नाही. तरीही २९ ग्रॅम गेले कुठे?

गुळाच्या बाबतीत असे घडत नाही. हायड्रोजनच्या बाबतीत मात्र घडते. हायड्रोजनचा अणू हा सर्वांत हलका अणू होय. अशा चार अणूंपासून हेलियमचा एक अणू तयार झाला, तर त्याचे वस्तुमान चारांच्या बेरजेपेक्षा हजारात सुमारे सात भागांनी कमी भरते. वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होऊ शकते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले होते. हरवलेले वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. ही ऊर्जा किती, याची कल्पना यावी म्हणून सांगायचे तर एक ग्रॅम वस्तुमानाचे पूर्णपणे ऊर्जेत रूपांतर झाल्यास ती सुमारे अडीच कोटी युनिट विजेएवढी भरेल.

अशा रीतीने हलक्या अणूंची केंद्रे एकत्र येऊन जड केंद्र बनण्याच्या क्रियेस 'अणुसंमीलन' म्हणतात. १९२० मध्ये ॲस्टन यांनी अणूंची वस्तुमाने बारकाईने मोजली आणि त्याच वर्षी ब्रिटिश ज्योतिर्विद एडिंग्टन यांनी, सूर्याच्या ऊर्जेचे मूळ या क्रियेत असावे, असा अंदाज वर्तविला. सूर्यात मुळात हायड्रोजनच सर्वाधिक आहे, हे १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने दाखविले. त्यासाठी तिने ज्या समीकरणाचा आधार घेतला, ते आपल्या मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेले होते, ही बाब वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आहे. संमीलनाच्या साखळीतील एकेक पायरी हान्स बेथे यांनी १९३९ मध्ये स्पष्ट केली. या कार्यासाठी त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्रहणात दिसलेली पिवळी रेषा

हेलियम या वायूची ओळख माणसाला प्रथम सूर्यावरच झाली, आणि या हकिगतीत भारतभूमीचा वाटा आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी ते गुंटूर येथून पाहिले. त्या ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचे पृथक्करण केले असता एक पिवळी रेषा आढळली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ती रेषा पाहिली. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून या नव्या द्रव्यास 'हेलियम' हे नाव मिळाले. पृथ्वीवर तो सापडला १८९५ मध्ये, रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. लोकस्मृतीने त्यांचे नाते याच ग्रहणाशी जोडलेले आहे. सहलीला गेलेल्या मुलांना तेथे उभे करून हेलियमची कथा सांगितली, तर ती त्यांच्या कायम लक्षात राहील.

एकमेकांना ढकलणारे शेजारी

यानंतर चौकस मूल विचारील, "हायड्रोजन तर पाण्यातही आहे. मग माठातल्या पाण्याचा सूर्य का होत नाही?" हा प्रश्न आला, की धडा योग्य मार्गावर आहे असे समजावे.

अणू म्हणजे बहुतांशी रिकामी जागा. हायड्रोजनचा अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा मोठा केला, तर त्याचे केंद्र मध्यभागी ठेवलेल्या मोहरीच्या दाण्याएवढे भरेल. या केंद्रावर धन विद्युत्भार असतो आणि दोन धनभार एकमेकांना दूर ढकलतात. येथे दोन चुंबक मुलांच्या हाती द्यावेत. समान ध्रुव समोरासमोर आणले, की ते हाताला जाणवेल इतके विरोध करतात. आता त्या ध्रुवांच्या टोकांना चांगला डिंक लावला आहे, अशी कल्पना करावी. दुरून चुंबक एकमेकांना ढकलतील. परंतु जोर लावून ते एकदा भिडविले, तर डिंक त्यांना घट्ट धरून ठेवील. अणुकेंद्रांचेही असेच असते. दूर असताना विद्युत्भार ढकलतो. अगदी निकट आल्यावर मात्र त्याहून बलवान असे दुसरे बल त्यांना जखडून टाकते. अडचण आहे ती त्यांना तेवढे निकट आणण्याची.

सूर्य हे कसे साधतो? स्वतःच्या भाराने. त्याच्या अंतर्भागात वरच्या थरांचा दाब इतका प्रचंड आहे, की तेथील द्रव्य एक लिटरच्या मापात भरले तर ते सुमारे १५० किलो भरेल. तेथील तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस आहे. तापमान जास्त म्हणजे कणांची धावपळ जास्त. या धावपळीत कण एकमेकांवर आदळतात. तरीसुद्धा विरोधाची भिंत ओलांडण्याइतका वेग त्यांच्यापाशी क्वचितच असतो. काही थोडे कण ही भिंत जणू भुयारातून पार करतात, हे १९२८ नंतर पुंजयामिकी या शास्त्राच्या साहाय्याने उलगडले. एखाद्या हायड्रोजन केंद्राला आपल्या संमीलनाची पाळी येण्यासाठी सरासरी शेकडो कोटी वर्षे वाट पाहावी लागते.

म्हणूनच सूर्याची चूल मुळात फार मंद आहे. हे ऐकून मोठी माणसेही चकित होतात. सूर्याच्या सरासरी एक किलो द्रव्यातून निघणारी उष्णता माणसाच्या एक किलो शरीरातून निघणाऱ्या उष्णतेपेक्षा हजारो पटींनी कमी आहे. उकिरड्यातील खताचा ढीग आतून कसा ऊबदार असतो, ते शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते. सूर्याच्या गाभ्यात तेवढ्याच जागेत निर्माण होणारी उष्णता साधारण त्याच जातीची, मंद असते. सूर्य प्रखर आहे तो आपल्या आकारामुळे. आणि त्या मंदपणामुळेच तो इतका दीर्घायुषी आहे.

सूर्य विझेल काय?

आता मूळ भीतीचे उत्तर देता येते. सूर्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यापैकी ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते. आकडा भयंकर वाटतो. परंतु सूर्याची कोठी त्याहून अफाट आहे. हा साठा आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल. माणसाचा लिखित इतिहास पाच हजार वर्षांचा धरला, तर त्याच्या दहा लाख पट एवढा हा काळ झाला. सूर्य कधीच विझणार नाही, असे मात्र मुलांना सांगू नये. ते खरे नाही. या दीर्घ काळात तो हळूहळू अधिक प्रखर होत जाईल, शेवटी फुगून तांबडा होईल आणि मग निवत जाईल. खरे ते सांगूनही मुलाची भीती घालविता येते, याचे हे चांगले उदाहरण होय.

सूर्यापेक्षा कितीतरी मोठ्या ताऱ्यांत संमीलन हेलियमपाशी थांबत नाही. तेथे कार्बन, ऑक्सिजन आणि पुढे लोहापर्यंतची मूलद्रव्ये तयार होतात. असे तारे अखेरीस स्फोट पावतात आणि हे द्रव्य अवकाशात विखुरते. आपण श्वासावाटे घेतो तो ऑक्सिजन आणि आपल्या रक्तातील लोह फार पूर्वी अशाच ताऱ्यांच्या पोटी जन्मले. तारे आपल्या गोतावळ्यातलेच आहेत, असे मुलांना सांगण्यास हरकत नाही.

भट्टीला भिंत कशाची?

माणसाने ही क्रिया यंत्रात घडवावयाची म्हटले, तर सूर्याचा भार त्याच्यापाशी नाही आणि शेकडो कोटी वर्षे थांबण्याची सवडही नाही. म्हणून तो हायड्रोजनच्या दोन जड भावंडांची निवड करतो. एक ड्यूटेरियम आणि दुसरे ट्रिटियम. यांचे संमीलन त्या मानाने पुष्कळ सुलभ असते. ड्यूटेरियम समुद्राच्या पाण्यात आहे. एक लिटर पाण्यात सुमारे ३३ मिलिग्रॅम. आपल्या रायगड जिल्ह्यातील थळ येथे जो जड पाण्याचा प्रकल्प उभारण्यात आला, तो याच ड्यूटेरियमने युक्त असे पाणी वेगळे काढण्यासाठी. त्या पाण्याचा उपयोग आजच्या अणुभट्ट्यांत होतो. ट्रिटियम मात्र निसर्गात जवळजवळ नाही. ते साडेबारा वर्षांच्या आतच निम्मे होते. ते लिथियम या धातूपासून तयार करावे लागते.

दाब कमी, म्हणून तापमान वाढवावे लागते. यंत्रात सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअस, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट तापमान लागते. एवढ्या उष्णतेत अणू फुटून त्यांचे विद्युत्भारित कण मोकळे होतात. द्रव्याच्या या अवस्थेस प्लाझ्मा अथवा आयनद्रायू म्हणतात. मग भांडे कशाचे करावयाचे? कोणत्याही भिंतीला टेकताच प्लाझ्मा निवून जाईल आणि भिंतीचीही हानी होईल. यावर तोड म्हणून चुंबकीय क्षेत्राची अदृश्य भिंत योजण्यात आली. भारित कण चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांप्रमाणे, त्या रेषांवरूनच पुढे सरकतात. दोऱ्याची दोन्ही टोके जोडून कडे केले, की मणी बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून हे यंत्र हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखे, पोकळ कड्याच्या आकाराचे असते. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात ही रचना केली. तिला 'टोकामाक' म्हणतात.

आपल्या देशातही गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हा टोकामाक १९८९ मध्ये कार्यान्वित झाला. फ्रान्समध्ये कादाराश येथे 'इटर' हा जगातील मोठा प्रकल्प उभारला जात असून भारत त्याच्या सात भागीदारांपैकी एक आहे. त्या यंत्राला बाहेरून वेढणाऱ्या, सुमारे ३० मीटर उंच आणि तेवढ्याच रुंद पोलादी पात्राचे भाग गुजरातमधील हजीरा येथे घडविण्यात आले. या पात्रात मधोमध १५ कोटी अंशांचा प्लाझ्मा असेल आणि त्यापासून काही मीटर अंतरावर शून्याखाली २६९ अंशांपर्यंत थंड केलेले चुंबक असतील.

"हा बॉम्ब तर नव्हे ना?"

हा प्रश्न मुले विचारतातच, आणि तो टाळू नये. हायड्रोजन बॉम्बमध्ये संमीलनच घडते. अमेरिकेने १ नोव्हेंबर १९५२ रोजी प्रशांत महासागरातील एनिवेटोक बेटांवर त्याची पहिली मोठी चाचणी केली. तेथे संमीलनाची ठिणगी पाडण्यासाठी दुसरा अणुबॉम्ब वापरावा लागतो. यंत्रात मात्र एका वेळी अवघे काही ग्रॅम इंधन असते. चुंबकाची पकड जरा ढिली झाली, की प्लाझ्मा निवतो आणि क्रिया आपोआप थांबते. वणवा विझविणे कठीण आणि पावसात पेटविलेली काडी टिकविणे कठीण. संमीलनाच्या यंत्राची अडचण दुसऱ्या प्रकारची आहे.

तारापूरचे वीजकेंद्र याच तत्त्वावर चालते काय, असेही विचारले जाईल. नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात युरेनियमचे जड केंद्र फोडले जाते. त्यास अणुविभंजन म्हणतात. तेथे फोडणे, येथे जोडणे. जोडण्याच्या क्रियेत दीर्घकाळ घातक राहणारी राख उरत नाही. परंतु ती सर्वस्वी निर्धोक आहे, असे सांगणेही बरोबर नाही. ट्रिटियम किरणोत्सारी आहे आणि संमीलनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉन कणांच्या माऱ्याने यंत्राचे पोलाद किरणोत्सारी होते. त्याची दक्षता घ्यावीच लागेल.

वीज कधी मिळणार?

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयीच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. होमी भाभा यांनी भूषविले होते. संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मुक्त करण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी आपल्या भाषणात केले. दोन दशके कधीच उलटली. प्लाझ्मा हा मुठीतील पाऱ्यासारखा निसटता आहे, हे प्रत्यक्ष कामाला लागल्यावर कळत गेले.

तथापि प्रगती झालेली आहे. ब्रिटनमधील 'जेट' या टोकामाकाने १९९७ मध्ये क्षणकाल १६ मेगावॅट शक्ती दिली. परंतु प्लाझ्मा तापविण्यासाठी २४ मेगावॅट शक्ती खर्ची पडली होती. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लिव्हरमोर येथे लेसर किरणांच्या साहाय्याने इंधनाच्या इवल्याशा गोळीत संमीलन घडविण्यात आले. गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली असता ३.१५ मेगाज्यूल मिळाली. आत घातल्यापेक्षा अधिक बाहेर पडण्याचा हा पहिला प्रसंग. अर्थात ते लेसर चालविण्यासाठी याच्या कितीतरी पट वीज खर्च झाली होती, हेही मुलांना सांगावे. बातमीचा मथळा आणि घराचे वीजबिल यांतील अंतर त्यांना कळले पाहिजे.

'इटर'चे उद्दिष्ट ५० मेगावॅट उष्णता देऊन ५०० मेगावॅट मिळविण्याचे आहे. तेथेही वीज तयार व्हावयाची नाही. मार्ग योग्य आहे की नाही, एवढेच सिद्ध व्हावयाचे आहे. २०२४ मध्ये मांडलेल्या सुधारित वेळापत्रकानुसार तेथे ड्यूटेरियम व ट्रिटियम यांचे प्रयोग २०३९ च्या सुमारास सुरू व्हावयाचे आहेत. आज अकरा-बारा वर्षांचे असलेले मूल तेव्हा पंचविशीत असेल. चुंबक अधिक बलवान कसे करावेत, न्यूट्रॉनांच्या माऱ्यापुढे टिकणारा धातू कोणता, ट्रिटियम यंत्रातच कसे निपजवावे, हे प्रश्न सोडविण्याचे काम त्याच्या पिढीकडे येणार आहे.

तोवर एक संमीलन भट्टी आपल्यासाठी अहोरात्र चालू आहे. ती १५ कोटी किलोमीटर अंतरावर आहे आणि तिचा प्रकाश आपल्या अंगणात सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो. छपरावरील सौर पट्टी, सौर चूल, उन्हात वाळत घातलेले धान्य आणि शेतातील उभे पीक ही सारी तिच्याच ऊर्जेवर चालतात. तिचा अधिक चांगला वापर करण्यास २०३९ ची वाट पाहावी लागत नाही. सूर्य कशावर चालतो हे ज्या मुलाला कळले, त्याला ऊन वाया जाऊ देण्यातील नुकसान सांगावे लागणार नाही. ते त्याने स्वतःच ओळखलेले असेल.